कोरड्या झाडावरचा पोशट्टी

पोशट्टीमामा शिंदीच्या झाडावर चढायचा. उदगीरच्या पलीकडे, देगलूरच्या वाटेवर आमचं गाव. सकाळी कमरेला दोर आणि मडकं बांधून मामा झाड चढे, रात्रभर गळलेला रस उतरवी आणि मालकाच्या शिंदीच्या दुकानात नेऊन ओती.

बहात्तरच्या दुष्काळात झाडांचा रस आटला. पुढे पाऊस आला, पण झाडं काही उठली नाहीत. दुकान मात्र एक दिवसही बंद राहिलं नाही. मालक कुठूनशी पांढरी पावडर आणी, पाण्यात कालवी, वर सॅकरीन टाकी आणि तीच शिंदी म्हणून विकी. मामाला त्यानं एवढंच बजावलं, "तू रोज चढत जा. लोकांना दिसलं पाहिजे." मेल्याचं कधी भलं व्हायचं नाही! पण मामानंही ऐकलं. पोटापुढं कोणाचं चालतं? वर्षानुवर्षं तो रिकामं मडकं घेऊन चढला आणि रिकामंच घेऊन उतरला. त्या शिंदीवर माशी बसत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याची बायको लक्ष्मम्मा तीच शिंदी प्यायची. तिचे हातपाय गळाले, जीभ जड झाली, तेव्हा मामानं धसका घेऊन तिची बाटली बंद केली. तिसऱ्या दिवशी ती थरथरत आढ्याकडे बोट दाखवू लागली.

"अवो, तुमी वर कामून बसलाव? उतरा की."

मामा तिच्या शेजारीच बसला होता. मी दारात उभा होतो, मीही वर पाहिलं.

लोक म्हणाले, बाहेरची बाधा. कोणीतरी देवीपुढची शिंदी तिच्या तोंडात घातली आणि ती निवांत झोपली. देवी पावली म्हणे! उदगीरच्या डॉक्टरनं मामाला वेगळंच सांगितलं. "ही बाधा नाही, शिंदीतली गुंगीची पावडर आहे. एकदम तोडलीत तर जीव जाईल. दवाखान्यात ठेवा, हळूहळू सोडवू." जत्रा झाली की आणतो म्हणून मामा परतला.

जत्रेआधीच लातूर जिल्हा झाला. नवे साहेब दुकानं तपासणार म्हणताच मालक पावडरीसकट पळाला.

दोन दिवसांनी सारं गाव शिंदीच्या बनात उभं होतं. कोणी मेलेल्या भावाशी बोलत होतं, कोणी अंगावर नसलेल्या मुंग्या झटकत होतं. प्रत्येकाच्या हातात लोटा. सगळ्यांत पुढे लक्ष्मम्मा.

"चढा वो," ती म्हणाली.

मामा चढला. शेंड्यावरून त्यानं मडकं उपडं करून दाखवलं. "काई न्हाई यात! झाड कोरडं हाय! बहात्तरपासून कोरडं हाय!"

"खोटं!" ती खालून ओरडली. "रोज भरून आणताव. म्या बघितलंय."

तेवढ्यात तिला झटका आला. लोटा सुटला, ती मातीत पडून ताठ झाली. मामा जिवाच्या आकांतानं उतरू लागला, पण झाड उंच होतं. तो पोचला तेव्हा ती गेली होती, डोळे शेंड्याकडे उघडे.

मामानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मागून लोक त्याच्या कमरेच्या मडक्यात हात घालून बघत होते.