दोघांना अडवणारा माणूस

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, ते मी चांगली बोलते म्हणून नाही. पाहुणे आमच्या बाबांच्या गाडीतून येणार होते, म्हणून.

बाबा बहारीनमध्ये ड्रायव्हर आहेत. पाहुणे म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे निवृत्त व्यावसायिक खेळाडू. त्यांची बायको इथल्या एका शाळेत शिकवते आणि शाळेने त्यांना दिलेली गाडी बाबा चालवतात. पाहुणे सनदला राहतात. आठवड्यातून दोनदा गुडघ्यांच्या व्यायामासाठी त्यांना सलमानियाला न्यावं लागतं. माझं कॉलेज त्याच वाटेवर आहे. खरं तर ड्रायव्हरच्या घरच्यांनी गाडीत बसायचं नसतं. पण मला रस्त्यात बसची वाट बघताना पाहून त्यांनी स्वतः गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "यल्ला, बस." इथल्या अरबीत यल्ला म्हणजे चल. तेव्हापासून मी बाबांच्या मागच्या सीटवर बसते. पाहुण्यांच्या मागे बसता येत नाही, कारण त्यांची सीट पूर्ण मागे सरकवूनही त्यांचे गुडघे पुढे टेकतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे लिहायचं काही आलं की सगळे माझ्याकडे बघतात. मला लिहिता येतं की नाही, याची मला स्वतःला खात्री नसते.

परिचय लिहायचा म्हणून मी गाडीत पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही एकूण गोल किती केले?"

ते इतके हसले की बाबांनी घाबरून आरशात माझ्याकडे पाहिलं.

"एकही नाही," ते इंग्रजीत म्हणाले. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच होतं. "ते माझं कामच नव्हतं."

मग त्यांनी काम समजावून सांगितलं. दोन्ही संघांची धिप्पाड माणसं समोरासमोर ओळीत वाकून उभी राहतात, एक हात जमिनीला टेकवून. ते त्या ओळीच्या मधोमध असायचे. चेंडू हलला की समोरचे दोघे मिळून एकट्या त्यांच्यावर तुटून पडायचे. त्यांनी जागा सोडायची नाही. ते दोघे पाहुण्यांशी अडकले की पाहुण्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा जोडीदार मोकळा होतो, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला तो पाडतो. टाळ्या त्याला. नोंदही त्याच्या नावावर.

"आणि तुम्हाला?"

"मला पुढचा डाव."

असे नऊ हंगाम. तीन संघ. त्यातल्या दोन संघांनी त्यांना काढून टाकलं होतं. काढायची पद्धतही त्यांनी सांगितली. सकाळी एक माणूस दार वाजवतो आणि म्हणतो, कोचनी बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. वही मागितली की समजायचं. "खलास," ते म्हणाले आणि हात झटकले.

मी हे सगळं जसंच्या तसं लिहून मंडळाच्या सेक्रेटरीकाकांना पाठवलं. काका पुण्याचे, मोठे इंजिनिअर, मनाने चांगले. त्यांचा लगेच फोन आला.

"अगं बाळ, हा परिचय आहे की शोकसभा? काढून टाकलं काय, गुडघे काय! शाल-श्रीफळ देतोय आपण माणसाला. दे, मी जरा नीट करतो."

नीट केलेल्या कागदावर 'विश्वविजेत्या संघाचे आधारस्तंभ' होते, 'दैदीप्यमान कारकीर्द' होती आणि 'शेकडो गोलांचे मानकरी' होतं. खाली काकांनी लिहिलं होतं, 'पाहुणा मोठा तर मंडळ मोठं. आणि हो, बाबांची खुर्ची पहिल्या रांगेत, पाहुण्यांशेजारी ठेवली आहे.'

ती ओळ मी दोनदा वाचली. मंडळाच्या कार्यक्रमांत बँकवाले, इंजिनिअर पुढे बसतात. बाबा आणि हिद्दच्या गोदामांत काम करणारे त्यांचे मित्र खुर्च्या लावतात आणि मागे उभं राहून कार्यक्रम बघतात. बसू नका असं कुणी म्हणत नाही, पण बसा असंही कुणी म्हणत नाही. बाबांनी त्या दिवसासाठी शर्ट इस्त्रीला दिला होता.

कार्यक्रमाला जाताना पाहुण्यांनी गाडीत विचारलं, "काय लिहिलंस माझ्याबद्दल?" मला खोटं बोलता आलं नाही. काकांचा कागद मी इंग्रजीत सांगितला.

"हा कोण माणूस आहे?" पाहुण्यांनी विचारलं. "नऊ हंगाम दोघं दोघं अंगावर घेतले, तेव्हा कुणी लिहिलं नाही. आता कुणी लिहितंय, तर दुसऱ्याच कुणाबद्दल?"

मी त्यांना बाबांच्या खुर्चीचं सांगितलं. बाबांना तेवढं इंग्रजी कळतं.

"मग तू ठरव," पाहुणे म्हणाले. "मी काही सांगणार नाही. मी दोन्ही परिचयांना नमस्कार करीन."

स्टेजवर काकांचा कागद प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलेला होता. समोर पहिल्या रांगेत बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. मी 'विश्वविजेत्या संघाचे' एवढं वाचलं आणि थांबले.

"हे खरं नाही," मी माइकमध्ये म्हणाले. "हे कधीच जगज्जेते नव्हते. यांनी एकही गोल केलेला नाही."

आणि मग मला आठवेल तसं सगळं सांगितलं. ओळीच्या मधली जागा, मागचा मोकळा माणूस, वही मागणारा माणूस. मध्ये मध्ये अडखळले. काका विंगेतून "बस, बस" करत होते. मी बस केलं नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. दुसऱ्या रांगेतल्या एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी केलं तरी काय?"

पाहुण्यांनी खालूनच मला अर्थ विचारला. मी सांगितला. ते हसले, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, स्टेजवर आले आणि मंडळाच्या दोन तगड्या बॅडमिंटनपटूंना बोलावलं. ढकला, म्हणाले. दोघांनी आधी लाजत, मग खरोखर जोर लावला. त्यांचे चेहरे लाल झाले. पाहुणे वाकून उभेच. "काकू, हे केलं!" मागून बाबांचा एक मित्र ओरडला, आणि आधी मागच्या लोकांनी, मग पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल त्यांच्या एकाच खांद्याला पुरली. खाली उतरताना त्यांचा गुडघा थरथरत होता. बाबांनी पुढे होऊन त्यांचा कोपर धरला.

त्यांना सनदला सोडून आम्ही परतलो तेव्हा बाबा आमच्या मालवणीत म्हणाले, "तुका ह्यां सगळां कित्याक करूचां होतां? आता माका खुर्ची कोण देतलो?"

"मी सांगितलं ते खरं होतं ना, बाबा?"

"खरां होतां. म्हणान तर इचारतंय."

बाबांचं मी काहीतरी घेतलं, हे मला माहीत आहे. पण तो कागद वाचून मिळालेल्या खुर्चीत बाबांना बसलेलं बघणं मला जमलं नसतं.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज मऊ होता. "अगं, स्मरणिकेत तुझं भाषण घेतोय. लोकांना आवडलं बरं का! फक्त ते संघातून काढल्याचं तेवढं गाळू. पाहुण्यांचा मान असतो गं."

"ते गाळायचं असेल तर नका घेऊ, काका."

"हट्ट करू नकोस. पुढच्या कार्यक्रमांचंही बघायचंय ना आपल्याला? बाबांशी बोल हवं तर."

बाबा समोरच जेवत होते. सगळं ऐकत होते. मी फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भाताचा घास कालवला, तोंडाजवळ नेला, आणि तो खाण्याआधी म्हणाले, "नाय म्हणान सांग."

मी नाही म्हणाले. स्मरणिकेत ते आलं नाही, म्हणून इथे लिहिलं आहे. दोन संघांनी त्यांना काढून टाकलं होतं. मी ते गाळणार नाही.