पाचशे तासांचं तेल

लासुर्ण्याच्या फाट्यावर गेणू मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि इंजिन उचलायची एक साखळी. तरीही इंदापूरपासून बारामतीपर्यंतचे ट्रॅक्टरवाले तिथं येत, कारण गेणू मिस्त्री इंजिन उघडायच्या आधी ऐकायचा. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून जरा वेळानं सांगायचं, "तिसरा पिस्टन." उघडलं की तिसराच निघायचा. तीस-बत्तीस वर्षांत तो फारसा चुकला नव्हता. चुकला तर तोंडावर कबूल करायचा, म्हणून लोकांचा त्याच्यावर जास्तच जीव.

गेल्या दिवाळीनंतर, साखर कारखान्याची धुराडी पेटायच्या बेतात असताना, बारामतीला शेती अवजारांचं प्रदर्शन भरलं. गेणू बायकोला, कौसल्याला घेऊन बघायला गेला. तिथं 'वज्रलेप' नावाच्या इंजिन ऑइलचा मोठा मांडव होता. कंपनीचा माणूस दिग्विजय टेबलावरच्या एका यंत्राशी उभा होता. यंत्रात पोलादी कडी फिरत होती आणि दांडीला वजनं टांगली की एक बेरिंग तिच्यावर दाबलं जात होतं. आधी त्यानं 'अभेद' ह्या दुसऱ्या कंपनीचं तेल ओतलं. तिसऱ्या वजनाला कडी किंचाळून थांबली. बेरिंगवरचा चरा त्यानं गर्दीत फिरवून दाखवला. मग वज्रलेप ओतलं. आठ वजनं झाली तरी कडी आपली फिरतेय.

गेणूला ते खटकलं. चालू इंजिनात लोखंडावर लोखंड असं घासत नसतं. पंपाच्या दाबानं मधे तेलाचा थर राहतो. झीज होते ती धुळीनं, तापण्यानं, तेल जुनं झाल्यानं, आणि त्यातलं काहीच त्या टेबलावर नव्हतं. तो तसं बोलणारही होता. तेवढ्यात दिग्विजयनं माईक हातात घेतला. "आपल्या भागातले इंजिनाचे डॉक्टर, गेणूराव इथं आहेत. त्यांनी दोन शब्द सांगावेत."

सगळा मांडव मागं वळून बघायला लागला. गेणूराव असं त्याला आजवर कुणी माईकवरून म्हटलं नव्हतं. तो पुढं गेला, गळ्यात हार पडला, समोर मोबाइल धरले गेले. पाहिलं तेवढं त्यानं सांगितलं. मग दिग्विजय कानाशी लागून म्हणाला, "पाचशे तासांचंही म्हणा, डब्यावर छापलेलंच आहे." गेणू म्हणाला, "पाचशे तास तेल बदलायची काळजी न्हाय."

परतताना एसटीत कौसल्यानं विचारलं, "तुमी तर समद्यांना अडीचशे तासाला बदलायला लावता की."

"डब्यावर तसं लिवलंय," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तो व्हिडिओ आठवड्यात सगळीकडं फिरला. दुकानात लोक 'गेणू मिस्त्रीचं तेल' म्हणून डबा मागू लागले. पहिले काही दिवस त्याला बरंही वाटलं.

जानेवारी संपता संपता सारजाचा ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून गॅरेजवर आला. सारजा चाळिशीची. नवरा गेल्यापासून ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर ती स्वतः चालवायची, आणि तेल-पाण्याच्या बाबतीत तिच्याइतकं काटेकोर गिऱ्हाईक गेणूकडं दुसरं नव्हतं. कारखान्याच्या रस्त्यावर, भरल्या ट्रॉल्या मागं असताना इंजिन खडखडलं आणि जागीच बसलं होतं.

गेणूनं मीटर पाहिलं. तेल बदलल्याला चारशे तीस तास झाले होते.

"सारजा, तू तर अडीचशेच्या पुढं कधी जात न्हाईस."

"तुमीच सांगितलं न्हवं, तात्या, पाचशे. म्हणून ठेवलं."

ती टोचून बोलली नाही. साधंच बोलली, आणि त्यानंच त्याला जास्त लागलं.

खालचं चेंबर सोडलं तर तेल डांबरासारखं आलं. बेरिंगची वरची पांढरी कातडी जाऊन आतलं तांबं उघडं पडलं होतं. क्रँकवर, पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या दांड्यावर, नख अडकेल एवढे चरे. गेणू क्रँक पुसत बसला. सारजा समोर पोत्यावर बसून होती. क्रँक खाली ठेवून तो म्हणाला, "ह्यात तुझं काय चुकलं न्हाय. मी जे ऐकून बोललो, ते बघून बोललो न्हवतो. इंजिन मी बांधून देतो, मजुरीचं नाव काढू नको."

"मजुरीचं ऱ्हाऊ द्या. हंगाम वाया चाललाय माझा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो क्रँक घासायला बारामतीला न्यायच्या तयारीत होता, सारजाही आली होती, तोच इंदापूरचा ऋषिराज जीप घेऊन आला. तो अभेद तेलाचा विक्रेता. बातमी त्याला कुठून कळली कोण जाणे.

"तात्या, क्रँक हातात धरा आणि कुठलं तेल होतं ते सांगा. बास."

"तुमचं तेल असतं तर इंजिन वाचलं असतं का?"

"आमचं सहाशे तास चालतं."

गेणूनं त्याच्याकडं नीट पाहिलं. पण सांगायला हवंच होतं. त्यानं क्रँक उचलला आणि ऋषिराजनं धरलेल्या मोबाइलसमोर म्हणाला, "ह्यात वज्रलेप होतं. पण तेल कुणाचंबी असू दे, उसाच्या धुरळ्यात अडीचशेला बदलायचंच. पाचशे म्हणालो, ती माझी चूक."

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ आला. त्यात क्रँक होता आणि 'ह्यात वज्रलेप होतं' एवढंच वाक्य होतं. पुढं लगेच अभेदचा डबा आणि सहाशेचा आकडा. पाठोपाठ दिग्विजयचा फोन आला. "किती घेतले त्यांच्याकडून?" गेणूनं फोन ठेवला. ऋषिराजला लावला, तर तो उचलेना.

सारजा ट्रॅक्टर न्यायला आली तेव्हा तिनं तो व्हिडिओ पाहिला होता. "तुमी पुढं बोलला होता, तात्या. मी हितंच होते."

"लोकांना सांगशील?"

"सांगते. पर मोबाइलपुढं माझं कोण ऐकतंय?"

मग गेणूनं वज्रलेप घेतलेल्यांची आठवेल तशी नावं लिहून काढली आणि मोटरसायकलवरून एकेकाच्या वस्तीवर जायला लागला. मीटर बघायचा, तेल बदलायला सांगायचा, आपली चूक सांगायचा. काहींनी ऐकलं, त्याच्यासमोर तेल सोडलं. नरसिंहपूरच्या बाजूला एकानं त्याला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि हसत विचारलं, "आज कुणाकडून आलाय, मिस्त्री? वज्रलेप का अभेद?"

"कुणाकडून न्हाय. मीटर दाव."

"ट्रॅक्टर रानात हाय," तो म्हणाला. ट्रॅक्टर गोठ्यापलीकडंच उभा होता, दोघांनाही दिसत होता.

गेणू उठला. परतल्यावर कौसल्यानं जेवायला वाढलं, तर त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. "उद्या जाऊ नका," ती म्हणाली. तो दुसऱ्या दिवशीही गेला.

हंगाम संपेस्तोवर आणखी दोन इंजिनं त्याच्याकडं तशीच आली. ती त्यानं बांधून दिली. तिसरं त्यानं रस्त्यावरनंच पाहिलं. नरसिंहपूरचाच ट्रॅक्टर, दुसऱ्या ट्रॅक्टरनं दोरानं ओढत नेलेला. सतरंजी टाकणारा तो मालक स्टिअरिंगवर होता. त्यानं गॅरेजकडं मान वळवली नाही. फाटा ओलांडून ते बारामतीकडं निघून गेले.