चौथ्या पानाची मागची बाजू

आमच्या विद्यापीठाच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच, परदेशी शिक्षणाचं टेबल होतं. त्याला लागून माझं, वसतिगृहाचं. मधे एक लोखंडी कपाट आणि एक पंखा, तोही दोघांत एकच. त्या टेबलावर जी बाई बावीस वर्षं बसली तिला सगळे पेन्सिलताई म्हणत. फॉर्म हातात आला की ती कानावरची पेन्सिल काढायची आणि जिथे काही राहिलं असेल तिथे बारीकशी फुली मारायची. "इथे सही. इथे तारीख. फोटो चिकटवलायस की नुसताच ठेवलायस?" पोरं वैतागायची, पण तिने तपासलेला फॉर्म अपुरा म्हणून कधी परत आला नाही.

स्वतः ती कधी देशाबाहेर गेली नव्हती. पासपोर्टही काढला नव्हता. पण कुठे गेल्या गेल्या वसतिगृह मिळतं, कुठे खोली आधीच शोधून ठेवावी लागते, व्हिसाला किती आठवडे लागतात, हे तिला तोंडपाठ होतं. पोरांना वाटायचं, परदेशी शिकणं म्हणजे घर सोडून चार वर्षं. ती सांगायची, "अरे, एका सहामाहीपुरतं जाता येतं. उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा कोर्स करता येतो. अर्धी पदवी इथे, अर्धी तिथे, असंही असतं. हे काय लग्न आहे का? आधी थोडं राहून बघता येतं." पोरं हसायची आणि खुर्ची ओढून बसायची.

अशीच एक मुलगी येऊ लागली. तिचे वडील सिटी बसचे ड्रायव्हर. त्यांच्या बसचा शेवटचा थांबा आमच्या गेटापाशीच होता, म्हणून आम्ही तिला ड्रायव्हरची मुलगी म्हणूनच ओळखायचो. ती मातीचा अभ्यास करत होती. शेतातली, नदीकाठची, रस्त्याकडेची माती, तिला सगळ्याच मातीत रस. एका वहीत प्रश्न लिहून आणायची आणि उत्तरं मिळाली की एकेक खोडायची. एका सत्रात निदान आठ-नऊ वेळा आली असेल. पेन्सिलताईला ती मनापासून आवडायची. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला परदेशातल्या एका जुन्या विद्यापीठाचं पत्र आलं. मृदाशास्त्राची एक सहामाही, राहणं-जेवण-प्रवास सगळं त्यांच्याकडे, आमच्या विद्यापीठाला जागा एकच. ताईने ते पत्र नोटीस बोर्डावर लावायच्या आधी तिला दाखवलं. "तुझ्यासाठीच आहे बघ हे."

घरी ताईची भाची राहायची, बहिणीची मुलगी. बहिणीच्या नवऱ्याची दर दोन वर्षांनी बदली, म्हणून पोरगी शिकायला मावशीकडे. मावशीला मूलबाळ नव्हतं. भाचीही मृदाशास्त्रालाच, फक्त वर्ग वेगळा. एक दिवस जेवताना ताईच बोलून गेली, की अशी अशी जागा आली आहे. भाचीने घास खाली ठेवला. "मावशी, मी भरू फॉर्म?"

नाही कसं म्हणणार? आणि का म्हणायचं? पोरगी हुशारच होती. दोघींनी मिळून फॉर्म भरला. जेवणाच्या टेबलावर तीनदा तपासला आणि मुदतीच्या चार दिवस आधी आणून दिला.

खरं तर त्याच दिवशी ताईने आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडमना सांगायला हवं होतं, की घरातलं माणूस अर्जदार आहे, या जागेचं काम दुसऱ्या कुणाला द्या. तिने सांगितलं नाही. मॅडमना ठाऊक होतं, त्यांनी विचारलं नाही. मलाही ठाऊक होतं. आम्ही सगळे मूग गिळून बसलो.

शेवटच्या दिवशी चार वाजून गेल्यावर ड्रायव्हरची मुलगी धापा टाकत जिना चढून आली. विभागप्रमुख दुपारी भेटले नव्हते, त्यांच्या सहीसाठी ती त्यांच्या घरापर्यंत जाऊन आली होती. तो फॉर्म चार पानांचा, पाठपोट छापलेला. चौथ्या पानाच्या मागे फक्त दोन ओळी आणि अर्जदाराची सही. निम्मी पोरं ते पान उलटायलाच विसरायची. ताईचं पाठ झालेलं वाक्य होतं, "मागे बघ, मागे." दिवसातून वीस वेळा ते माझ्या कानावर पडायचं.

ताईने पान उलटलं. सहीची जागा कोरी होती. मी शेजारी वसतिगृहाच्या खोल्यांची यादी करत होतो. कानावरची पेन्सिल तिने काढली, हे मला आठवतं. मग ती टेबलावर ठेवली, हेही आठवतं.

"सगळं आहे ना, ताई?" मुलीने विचारलं.

"ठीक आहे. ठेव."

"नक्की?"

"हो गं. जा आता, बस चुकेल तुझी."

एवढंच झालं. खोटी सही नाही, फाडलेला कागद नाही. पुढे ताई मला म्हणाली, "दहा सेकंदांचं काम होतं. पेन माझ्यासमोर पडलेलं होतं. मी काहीच केलं नाही आणि सगळं केलं."

अकरा अर्ज आले होते. समितीच्या बैठकीत अपुरे तीन न वाचताच बाजूला पडले, त्यांत तिचाही. जागा भाचीला मिळाली. ऑफिसात सगळ्यांनी ताईचं अभिनंदन केलं, मीही केलं. ती हसली. पण त्या दिवशी तिने डबा उघडला नाही, आणि मला वाटलं आनंदाने भूक मेली असेल.

दोन दिवसांनी ती मुलगी आली. यादी बघून आली होती. "ताई, माझं कशात कमी पडलं?"

"स्पर्धा फार होती यंदा," ताई म्हणाली.

मुलीने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "बरोबर आहे. मला वाटलंच होतं की आपण जरा जास्तच उडी मारतोय. पण तुम्ही खूप मदत केलीत, ताई. थँक यू." आणि ती गेली. त्यानंतर आमच्या मजल्यावर कधी दिसली नाही.

भाची गेली, सहा महिने राहिली, छान शिकून आली. दर आठवड्याला फोन करायची. तिथल्या प्रयोगशाळेचं वर्णन, थंडीचं वर्णन, नव्या मैत्रिणींच्या गमती. ताई ऐकायची आणि तिच्या मनात एकच यायचं, की हे सगळं दुसरीने सांगायचं होतं, दुसऱ्या घरात. भाची परत आली तेव्हा गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, हे सगळं तुझ्यामुळे." त्या रात्रीपासून ताईची झोप उडाली ती उडालीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. जिन्यावर कुणाची घाईची पावलं वाजली की ती दचकायची. आणि फॉर्म तपासण्याचं तर तिने वेडच घेतलं. एकेक फॉर्म चार-चारदा उलटायची, पोरांना दोन-दोनदा परत बोलवायची. आम्ही म्हणायचो, पेन्सिलताईचं वय झालं.

अडीच वर्षं अशी गेली. मग एका कॉलेजने तिला विद्यार्थ्यांना माहिती द्यायला बोलावलं. विषय ठरलेला, परदेशी शिक्षणाचे पर्याय. सोबत मीही गेलो, कारण वसतिगृहाबद्दल पोरं नेहमी विचारतात. सभागृहात दोनशे मुलं. पाहुण्यांची ओळख करून द्यायला एक तरुण बाई माईकपाशी आली. ती ड्रायव्हरची मुलगी होती. तिथल्याच प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली होती.

"या ताईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की आपल्यासारख्यांनाही जाता येतं," ती मुलांना म्हणाली. "मला नाही जमलं, ते माझं कमी पडलं. पण तुम्ही यांचं नीट ऐका. या प्रत्येक सही स्वतः बघतात. यांच्या हातात फॉर्म दिला की निर्धास्त व्हायचं."

टाळ्या वाजल्या. ताई उठली, माईकपर्यंत गेली, आणि तिला शब्द फुटेना. पाणी मागितलं, प्यायली, तरी नाही. शेवटी मी उठलो आणि वसतिगृहावर पाऊण तास बोललो. त्या मुलांना माझ्याइतका कंटाळा आयुष्यात कुणी दिला नसेल.

कार्यक्रम संपल्यावर ताई विचारत विचारत प्रयोगशाळेत गेली. मी दाराशी थांबलो. ती मुलगी सिंकपाशी चाळण्या धूत होती.

"बरं वाटतंय का, ताई? बसा ना."

"नको. मला सांगायचं आहे, ते उभ्यानेच सांगते." आणि तिने सांगितलं. पान, कोरी जागा, भाची, सगळं. मधे थांबली नाही, रडलीही नाही.

मुलीने नळ बंद केला. हातातली चाळणी पुसून बाजूला ठेवली.

"म्हणजे माझा फॉर्म कुणी वाचलाच नाही?"

"नाही."

"ताई, त्यानंतर मी कुठेच अर्ज केला नाही. कुठेच. बाबा म्हणत होते, पुन्हा बघ. मीच म्हटलं, आपली तेवढी कुवत नाही. तुम्ही म्हणालात ना, स्पर्धा फार होती."

"माझं चुकलं. मला माफ..."

"माफीचं राहू द्या." तिचा आवाज चढला नव्हता. "मला माफी नको आहे. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर जे मला सांगितलंत ते लिहून द्या. तुमच्या ऑफिसात. तुमच्या सहीनिशी."

परतीच्या वाटेवर ताई एकच वाक्य बोलली, "आधी घरी सांगायला हवं."

भाचीने ऐकून घेतलं ते आरडाओरडा न करता. ताई म्हणाली, ओरडली असती तर बरं झालं असतं. भाचीने एवढंच विचारलं, "म्हणजे मी निवडले गेले की नाही? ती असती तर कोण गेलं असतं?"

"मला नाही माहीत, बाळा."

"तुला माझ्यावर विश्वास नव्हता, मावशी. म्हणून केलंस तू हे." आठवड्याभरात भाची मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. नोकरी जवळ पडते म्हणाली.

ताईने अर्ज लिहिला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं. "झालं ते झालं. कशाला उकरून काढता? तुमची आठ वर्षं राहिलीत नोकरीची."

"तिने मागितलंय, मॅडम. तुम्ही आवक शिक्का मारा."

चौकशी झाली. मला विचारलं तेव्हा मी पाहिलेलं सांगितलं, आणि भाचीबद्दल आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं हेही. सांगताना मान वर करवेना. ताईचं टेबल गेलं. तिला तळमजल्यावर जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बसवलं, दोन वेतनवाढी रोखल्या. मॅडमना एक समज देऊन सोडलं. मला कुणी काहीच म्हटलं नाही, ते मला आजही टोचतं.

भाचीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही. समितीपुढचे सगळे अर्ज आणि गुणांचे कागद नियमाप्रमाणे दोन वर्षांनी नष्ट झाले होते. दोघींपैकी कोण गेली असती, हे आता कुणालाच कळायचं नव्हतं. विद्यापीठाने ड्रायव्हरच्या मुलीला एक पत्र दिलं, की तुमचा अर्ज गुणवत्तेवर नाकारला गेला नव्हता, ऑफिसच्या चुकीमुळे तो वाचलाच गेला नाही. तीन ओळींचं पत्र. 'दिलगीर आहोत' हे शब्दही मॅडमनी ताईच्या हट्टामुळे घातले.

ते पत्र जोडून तिने अर्ज करायला सुरुवात केली. एका सहामाहीसाठी जायचं वय आणि वर्ग दोन्ही सरले होते. आता पदव्युत्तर पदवीच उरली होती. पहिल्या वर्षी तीन ठिकाणांहून नकार आला. भाचीने कुणालाही न सांगता तिला आपल्या परदेशातल्या प्राध्यापकांचा ईमेल पत्ता पाठवला होता. ड्रायव्हरच्या मुलीचं उत्तर आलं नाही, आणि तिने तो पत्ता वापरलाही नाही. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच एका विद्यापीठात तिला पूर्ण स्कॉलरशिप मिळाली. ही बातमी मला तिच्या वडिलांनी दिली. बस थांब्यावर लावून ते मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर आले होते. ताईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

मी खाली जाऊन ताईला सांगितलं. गठ्ठ्यांच्या मधे ती स्टुलावर बसली होती. "कधी निघते?"

"येत्या सोमवारी. जाऊन भेटता का?"

"नको. मी गेले तर तिला माझ्याशी चांगलं बोलावं लागेल. निघायच्या दिवशी तेवढंही ओझं कशाला?" मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं ना, सांगितल्यावर सुटले असेन? नाही हो, वसतिगृहवाले. आधी रोज वाटायचं की कळेल. आता कळलंय, एवढाच फरक. तिची पाच वर्षं कुठून आणू?"

मी एक गठ्ठा उचलून फळीवर ठेवायला मदत केली.

सोमवारी संध्याकाळी भाची मावशीकडे आली. तशी ती महिन्या-दोन महिन्यांतून यायची, तासभर बसायची आणि जायची. त्या दिवशी तिने चप्पल काढता काढताच विचारलं, "गेली का ती?"

"गेली."

भाची स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं आणि कपाटातून दोन कप काढले. जेवायची वेळ झाली तेव्हा भाची म्हणाली, "आज इथेच थांबते," आणि ताईने तिच्यासाठी कणीक वाढवली.