आबांनी नरम केलेला ब्रेक

माझी चूक आधी सांगून टाकतो. मी आमच्या जुन्या गाडीचा ब्रेक कडक केला, आणि अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, समजेल अशा शब्दांत ते सांगितलं नाही. त्यानंतर कित्येक महिने तिला वाटत राहिलं की आपल्या पायातला जोर गेला. मी तिला तसं वाटू दिलं.

गाडी आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची. छोटी, गोल दिव्यांची, ताकाच्या रंगाची. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या ब्रेकला कसलीही मदत नव्हती; पायात जेवढा जोर तेवढीच ती थांबायची. अक्का गाडी शिकायला निघाली, तेव्हा विहिरीच्या पायऱ्यांवर मोडलेला तिचा उजवा घोटा नुकता जुळून आला होता. आबा गाडी धुळ्याच्या एका गॅरेजात घेऊन गेले आणि बॉनेटखाली बूस्टर बसवून आले. बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर तो चालतो आणि आपण पाय दाबला की आपल्या जोरात स्वतःचा जोर घालतो. अक्काला यातलं काही सांगायच्या भानगडीत आबा पडले नाहीत. “तुनासाठे ब्रेक नरम करी लयना,” एवढंच म्हणाले. अक्काच्या लेखी त्या गाडीत ‘नरम ब्रेक’ होता. बूस्टर हा शब्द तिच्या कानावर कधी आलाच नाही.

आबांच्या मागे गाडी माझ्याकडे जळगावात, मेहरूणला आली. पण अक्का धुळ्याहून आली की चावी तिची, हा घरातला कायदा. धुळ्यात तिची स्वतःची नवी छोटी गाडीही होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची आणि दर गुरुवारी सोनगीरला मैत्रिणीकडे गाडी घेऊन जायची. दोघी दिवसभर पत्ते खेळायच्या.

मग जळगावात जुन्या गाड्यांचा मेळा ठरला. तिथे म्हणे गाडी जितकी मूळ रूपात, तितका तिचा मान. बूस्टरच्या आतलं रबर थकलं होतं आणि त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं, हे खरं; पण ते रबर बदलता आलं असतं. मला मान हवा होता. मी बूस्टरच काढायचं ठरवलं.

काम फार अवघड नाही. बूस्टरमध्ये जाणारी आणि त्यातून चाकांकडे निघणारी ब्रेक ऑइलची नळी सोडवायची, मधल्या जागेत एकच सलग नळी बसवायची, आणि इंजिनाकडून हवा ओढणाऱ्या पाइपचं तोंड घट्ट बंद करायचं. नवी नळी कोपऱ्यावरच्या मेस्तरीने टोकं फुलवून करून दिली. “भाऊ, आता ब्रेक मारायच्या आधी दोन भाकरी जास्त खात जा,” तो म्हणाला. बाकी सगळं मी घरच्या पोर्चमध्येच केलं.

शेवटी ऑइलमधली हवा काढायची असते. त्याला दोन माणसं लागतात. बायकोला सीटवर बसवलं आणि मी चाकाखाली शिरलो.

“दाब. सोड. दाब. आता दाबून धर!”

“धरलंय!”

“सोडू नको म्हटलं ना!”

“अहो, लग्न झाल्यापासून हेच तर करतेय,” वरून आवाज आला. “कुठे सोडलंय?”

ब्रेक उत्तम लागला. फक्त आता नुसती टाच टेकवून पंजा दाबणं पुरेसं नव्हतं, मांडीतून जोर लावावा लागायचा. आठवडाभरात मला सवय झाली, आवडूही लागलं. मेळ्यात परीक्षकांनी बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. मागच्या काचेला बायकोने शिवलेला फुलाफुलांचा पडदा मात्र त्यांना फार आवडला.

त्याच दिवसांत अक्काचा फोन आला. गाडीचं काय काय केलंस, म्हणून तिने विचारलं. ब्रेक कडक केलाय, असं म्हणालो असतो तर तिला तत्काळ कळलं असतं. पण मग ती म्हणाली असती, आबांनी माझ्यासाठी केलेलं तू का मोडलंस? मी शहाण्यासारखा म्हणालो, “बूस्टर काढून टाकला.”

“बरं कयं,” ती म्हणाली. “त्या टेपना आवाजमा मनं डोकं दुखे.”

तिला वाटलं, टेपचा आवाज वाढवणारा बूस्टर. मला ते कळलं. मी “हो ना” म्हणालो आणि फोन ठेवला.

थंडीत आमच्या चुलतभावाच्या धरणगावजवळच्या शेतात भरिताचा बेत होता. अक्का आदल्या दिवशीच येऊन राहिली. सकाळी तिने खुंटीवरची चावी उचलली आणि मी बाजूच्या सीटवर बसलो. अजूनही सांगता आलं असतं. मागे बायको आणि शेजारच्या वहिनी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर विषय नको, असं मी मनाला सांगितलं. रस्त्याने अक्का दोनदा म्हणाली, “आज ब्रेक येगळाच लागी राहिना.” मी म्हणालो, “थंडी आहे.” थंडीचा आणि ब्रेकचा काय संबंध, हे मलाही माहीत नाही.

शेतात शिरताना वाट थोडी उताराची होती. समोर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग. त्याच्याच जाळावर भाजायची वांगी कडेला रचून ठेवली होती. अक्काने सवयीने ब्रेकवर पाय टेकवला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. मी हँडब्रेक ओढेपर्यंत आम्ही कडकड आवाज करत ढिगात अर्धे शिरलो होतो. कुणाला काही झालं नाही. काचेवर पऱ्हाट्या आणि बॉनेटवर दोन वांगी.

चुलतभाऊ धावत आला. “अक्का, वांगा भाजाना शेतस, गाडी नही!”

सगळे हसले. अक्काही हसली. मग कुणी लाकडी बडगीत मिरच्या कुटायला बसलं, कुणी वांगी सोलायला. भरीत झकास झालं. पण परत निघताना अक्काने चावी माझ्या हातात ठेवली.

“मना पायमा आते जोर नही ऱ्हायना, भाऊ.”

“असं काही नाही गं,” मी म्हणालो, आणि चावी घेतली.

मला वाटलं, ती चार दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. धुळ्यातली तिची गाडी जागेवरून हलेना. भाजीला रिक्षा. सोनगीरला पहिल्यांदा बसने गेली, नंतर जाणंच बंद. मैत्रीण फोनवर पत्ते कसे खेळणार? मी विचारलं की म्हणायची, “वय व्हयनं, आते कोठे फिरू?” दर वेळी मी विषय बदलायचो. मग एकदा तिनेच फोन केला.

“मनी गाडी तुना पोऱ्याले देई टाकस. हाऊ रविवारे ये आनि लई जा.”

माझ्या खोट्याचं बक्षीस आता माझ्याच घरी येणार होतं. त्या रविवारी मी आबांची गाडी काढली आणि धुळ्याला गेलो.

अक्का दारातच उभी होती. तिच्या गाडीची कागदपत्रं पिशवीत घालून तयार होती. मी पिशवी घेतली नाही. पायरीवर बसलो आणि सांगायला लागलो: बूस्टर टेपचा नव्हता, ब्रेकचा होता, आबांनी तो का बसवला, इंजिनाची ओढ म्हणजे काय, आतलं रबर कसं थकतं, मेळ्यात मूळ रूपाला काय किंमत असते. मी चांगल्या शुद्ध मराठीत बोलत होतो. तसं बोलताना माझी चूक जराशी इंजिनाची, जराशी रबराची आणि जराशी मेळ्याची होत चालली होती.

अक्काने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे मना पाय?”

“पायाला काही झालेलं नाही. तसं पाहिलं तर ऑइलचा दाब...”

“भाऊ,” तिने मला थांबवलं. “माफी मागाले उना, का माले शिकाडाले?”

मला हसू आलं आणि डोळेही भरले. शुद्ध मराठीतलं माझं सगळं बोलणं संपलं होतं. मी उठून तिच्या पायांना हात लावला.

“चुकनू, अक्का,” मी म्हणालो. “तुना पाय चांगला शे. मी खोटं बोलनू. माले माफ कर.”