जांभळाखालची पट्टी
परवा दवाखान्याच्या दारात धातू तपासायचं यंत्र वाजलं आणि मला माझं जुनं यंत्र आठवलं. काही वर्षांपूर्वी रविवारच्या छंदावरून फौंड्रीतल्या मित्राशी माझा वाद चालला होता. त्याला नदीतलं लोखंड काढायला दोरीला चुंबक बांधून पंचगंगेत टाकायचा होता, मला धातू शोधायचं यंत्र घेऊन रानं धुंडाळायची होती. "चुंबकाला सोनं चिकटतंय व्हय?" म्हणत मी यंत्र घेतलंच. पहिल्याच दिवशी ते आमच्या शेतात, जांभळाखाली वाजलं. "घावलं की गा!" म्हणत मित्रानं ओली काळी माती उकरली आणि स्क्रूची भोकं असलेली पट्टी वर आली. आईच्या मोडलेल्या मांडीत बसवलेली. आई गेल्यावर, नदी घाण व्हायला नको म्हणून तिची रक्षा पट्टीसकट तिथं पुरून आम्ही घरच्यांनीच ते जांभूळ लावलं होतं, आणि खजिन्याच्या नादात मी ते विसरलो होतो. पट्टी मी परत तिथंच पुरली. आता यंत्र माळ्यावर पडून आहे. शोधावं असं जे होतं, ते मी माझ्याच हातानं पुरलंय, दोनदा.