बी काढलेली बोरं

जहाजभाऊ कधी खाली बसत नसत. ताट फळीवर ठेवून उभ्यानंच जेवत आणि बोलताना या पायावरून त्या पायावर डुलत राहत. पाहणाऱ्यालाच गरगरायला लागे. मी कुरखेड्याच्या शाळेत मास्तर म्हणून नवा गेलो, तेव्हा ते भेटायला आले. मी घोंगडी पुढे केली, तर म्हणाले, "नाई जमत, गुरुजी. इथली जमीन हालतच नाई. मले इच्यावर झोपबी येत नाई."

माणूस तसा इथलाच, धानाच्या बांधावर वाढलेला. भावांशी बिनसलं म्हणून माजरीच्या कोळसा खाणीत गेला, तिथून मुंबईला, आणि लढाईच्या धामधुमीत एका मालवाहू बोटीवर भट्टीत कोळसा टाकू लागला. पुढे बोट भंगारात निघाली आणि हे घरी परतले. आता लाकूड डेपोत सागाचे लठ्ठे गाड्यांवर चढवून दोर आवळायचं काम करीत. गाडी निघाली की नाल्यापर्यंत तिच्याबरोबर चालत जात आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहत. त्यांची बायको गिरजाबाई अंगणात वाट पाहत असे. "आले का जी? भात थंडा झाला," एवढंच म्हणे.

कादिझ या गावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते भूगोलाच्या पुस्तकात नव्हे, त्यांच्या तोंडून. स्पेनातलं ते बंदर. बोट दुरुस्तीला लागली म्हणून एका हिवाळ्यात ते तिथे अडकले होते. "सालाच्या आखरी रातीले सारं गाव घड्याळाच्या बुरुजाखाली जमते, बापा! बाराचे टोले पडाले लागले का एका टोल्याले एक द्राक्ष तोंडात. टोले सरायच्या आत बाराबी संपले, तर मनातलं मागणं त्या सालात पुरं होते. एका बुढीनं मले आपल्यातले अर्धे देल्ले. ना तिले माही भाषा समजे, ना मले तिची."

गावात परतल्यापासून दरवर्षी एकतीस डिसेंबरला जहाजभाऊ कादिझकर होत. कुरखेड्यात द्राक्षं कुठली? त्यांनी बोरांवर भागवलं. टोल्यांसाठी डेपोत टांगलेला रुळाचा तुकडा होता, पण रात्रीचा चौकीदार झोपेत वाटेल तेवढे टोले देई. म्हणून त्यांनी नवं साल सरळ दुपारी बारावर आणलं. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईला तांदळाच्या पिठाच्या लांब कांड्या तळायला लावत आणि गुळाच्या काळ्या चहात बुडवून खात. "तिथीबी असंच खातेत," असं ठासून सांगत. आम्हाला खायला मिळे, आम्ही कशाला वाद घालतो!

अडचण एकच होती. बोराची बी ना पटकन थुंकता येई, ना गिळता येई. पाचव्या-सहाव्या टोल्याला जहाजभाऊंचे गाल फुगत, डोळ्यांत पाणी येई आणि टोले संपून जात. मी एकदा म्हटलं, "अहो, आधी बिया काढून ठेवा ना." ते चिडलेच. "आपल्या हातानं बी काढून खाल्लं तर मागणं कायचं, गुरुजी? ते लबाडी झाली."

मागणं काय, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुन्हा बोटीवर जायचं. ते हे बायकोसमोरही बोलून दाखवत, आणि मला त्यांचा राग येई. ते हरले की डेपोत हशा पिके. सर्वांत मोठ्यानं गिरजाबाई हसे आणि पदरानं त्यांचे डोळे पुसून देई. तिचं आणखी एक वर्ष सुखाचं ठरलेलं असे.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी मात्र काहीतरी निराळं घडलं. गिरजाबाईनं पळसाच्या पानावर बोरं आणून दिली. टोले सुरू झाले. जहाजभाऊ एकेक बोर तोंडात टाकत गेले, गाल फुगेनात आणि शेवटचा टोला पडला तेव्हा पान रिकामं होतं. लोकांनी आरडाओरडा केला. जहाजभाऊंचं डुलणं मात्र थांबलं होतं. ते बायकोच्या हातांकडे पाहत होते. बोटं चिकट होती आणि एका बोटाला चिंधी बांधलेली होती. सकाळी बसून तिनं एकेक बोर चिरलं होतं, बी काढली होती आणि पुन्हा दाबून जसंच्या तसं केलं होतं.

"काऊन वं, गिरजे?"

"तुमी इथी राहूनच नाई राह्यले जी. नुसते उभे आहा. मले पाहवत नाई आता."

मग जहाजभाऊ खाली बसले. मातीत, लठ्ठ्यांच्या सालपटांत, मांडी घालून. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेवढंच.

होळी झाल्यावर ते बोट शोधायला निघून गेले. त्याच उन्हाळ्यात माझीही बदली झाली. मी तर त्या बदलीसाठी किती दिवस तळमळत होतो, पण निघताना गिरजाबाईच्या अंगणाकडे बघवेना.

पुढे काही वर्षांनी एका कामासाठी कुरखेड्याला जाणं झालं. मुद्दामच वर्षाचा शेवटचा दिवस गाठला. जहाजभाऊ आले नव्हते. बोटीवर चढले, एवढं कुणाकडून तरी कळलं होतं, पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी डेपोत गिरजाबाई पळसाच्या पानावर बोरं घेऊन एकटीच बसली होती. टोले सुरू झाले तशी ती भराभर खाऊ लागली. टोले संपले तेव्हा तिचे गाल फुगलेले होते आणि पानावर निम्मी बोरं तशीच होती.

तिनं बिया हातावर काढल्या. मला पाहून ओशाळं हसली.

"दरसाली मागून राह्यली, गुरुजी. पन मले बी काढून देनारं कोन हाये?"