तेरावी ओळ

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो, हे आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये बावीस वर्षं नोकरी केलीय… त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

माझ्या बहिणीची केळीची बाग मुक्ताईनगरजवळ आहे. भाची माधुरी, वय वीस. गेल्या वर्षी सुट्टीत गेलो होतो, तेव्हा दुपारी चारला ठिबकच्या नळ्या धुवायच्या होत्या. मोटर चालू करायची आणि बागेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन एकेका नळीचं टोपण काढायचं. गढूळ पाणी निघून गेलं की परत लावायचं. एकूण छत्तीस ओळी.

मला तिने अलीकडे मोटरपाशी बसवलं. आपला मोबाईल भिजू नये म्हणून माझ्याकडे दिला.

"मामा, तुम्ही फक्त प्रेशरच्या काट्याकडे पाहा. खाली गेला म्हणजे मी टोपन उघडलं, वर आला म्हणजे लावलं. आवाज नका देऊ, मले उगाच ओरडा लागते."

केळी इतकी दाट की पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. काटा खाली, काटा वर. सवयीने मी मोजत होतो. छत्तीस वेळा — एकदाही चुकला नाही. मग मोटर बंद केली आणि तिची वाट बघत बसलो.

ती आलीच नाही.

शेवटी पलीकडे गेलो. बाराव्या ओळीपर्यंत चिखलात तिच्या चपलांचे ठसे होते. तिथे चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या. तेराव्यापासून छत्तिसाव्यापर्यंत प्रत्येक नळीच्या टोकाशी माती ओली, टोपणं घट्ट लावलेली… आणि पाऊल एकही नाही. चपलेचं नाही, अनवाणी नाही. बांधापलीकडचं शेत नुकतंच नांगरलेलं होतं, त्यातही काही नाही. पोलीस आले, विहिरी पाहिल्या, मोबाईल घेऊन गेले. काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

काटा हलतोय म्हणजे पोरगी ठीक आहे, असं धरून मी बसून राहिलो होतो. एक हाक मारली असती तर? हे मला आजही खातं.

बहीण अजून दर पंधरा दिवसांनी मोटर लावून काट्यासमोर बसते. पलीकडे कोणी नसतं. मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. मागच्या महिन्यात समजवायला गेलो आणि मोटर बंद करायला हात घातला.

"भाऊ, बंद नको करू. तिचं काम बाकी हाये."

तेवढ्यात काटा खाली गेला. परत वर आला. परत खाली… व्होल्टेज असेल, नळीत हवा असेल, असं मी मनाला सांगत होतो. पण पाय आपोआप बागेकडे धावले. पलीकडे सगळं कोरडं होतं, एकही टोपण उघडं नव्हतं. तेराव्या ओळीपाशी थांबलो आणि त्या दिवशी मारली नव्हती ती हाक मारली. "माधुरीऽऽ!" पुन्हा पुन्हा मारली, घसा बसेपर्यंत. केळीचं पानसुद्धा हललं नाही.

मान खाली घालून परत आलो. कुठे थांबलो होतो ते बहिणीला सांगितलं नव्हतं, आणि हाक ऐकू आली असती तरी ओळ कोणती ते मोटरपाशी बसून कळणं शक्यच नाही. ती काट्यावरून नजर न काढता म्हणाली,

"तेराव्या बारीले काटा लई वेळ खालीच थांबला, भाऊ. तुले भेटली का रे ती?"

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. गेज बदलून पाहिला, मोटर तपासून घेतली. आता दर पंधरा दिवसांनी मी एस.टी.ने मुक्ताईनगरला जातो. बहीण काट्यासमोर बसते आणि मी तेराव्या ओळीशी उभा राहून हाका मारतो.